अम्मीच्या गोळीचे माप

‘स्टिरॉइड’ हा शब्द कानावर पडला की आपल्याकडे माणसे दचकतात. हाडे ठिसूळ होतात, तोंड सुजते, एकदा लागले की सुटत नाही, असे सगळ्यांनी ऐकलेले असते. आमची अम्मी हेच औषध रोज तीन वेळा घेते आणि ते तिला आयुष्यभर घ्यायचे आहे. गेल्या दोन वर्षांत भडगावातल्या आणि बाहेरगावच्या नातेवाइकांनी आम्हा तिघा भावंडांना याबद्दल इतके प्रश्न विचारले की, उत्तरे एकदा नीट लिहून काढावीत असे ठरवले. कुणाच्या घरी असा आजार निघाला तर उपयोगी पडेल.

आजाराचे नाव ॲडिसनचा आजार. आपल्या दोन्ही किडन्यांच्या वर टोपीसारखी एकेक लहानशी ग्रंथी असते. तिला ॲड्रिनल म्हणतात. तिच्यातून कॉर्टिसॉल नावाचे हार्मोन निघते. अंगातली ताकद, रक्तदाब आणि साखर सांभाळणे हे त्याचे काम. ताप, अपघात, ऑपरेशन अशा वेळी निरोगी शरीर ते आपोआप जास्त बनवते. दुसरे एक हार्मोन अंगातले मीठ धरून ठेवते. लंडनच्या थॉमस ॲडिसन या डॉक्टरांनी 1855 साली हा आजार प्रथम लिहून ठेवला. त्यांच्या रुग्णांपैकी अनेकांच्या या ग्रंथी टीबीने खाल्लेल्या होत्या. पाश्चात्त्य देशांत आता हे कारण मागे पडले आहे, आपल्या देशात मात्र अजून आहे. अम्मीच्या ग्रंथीही टीबीनेच निकामी केल्या. फुप्फुसात काही नव्हते, खोकला नव्हता, म्हणून टीबीचा संशय कुणाला येण्यासारखा नव्हता.

2023 च्या रमजानमध्ये अम्मीने सगळे रोजे ठेवले. ईदनंतर तिचे वजन उतरू लागले आणि रंग काळवंडू लागला. कुणी म्हणाले खान्देशचे ऊन आहे, कुणी म्हणाले वय झाले, कुणी म्हणाले नजर लागली. तिला मीठ फार लागू लागले. कैरीच्या फोडीला मीठ लावून खाणे सगळ्यांचेच असते, ती नुसते मीठ चिमटीने खायची. पावसाळ्यात एका दवाखान्यात तिला दोनदा सलाईन लावले. दोन दिवस बरे वाटायचे, मग पुन्हा तेच. त्याचे कारण नंतर कळले: सलाईन म्हणजे मिठाचे पाणी, आणि तिच्या अंगात नेमके मीठच टिकत नव्हते.

सप्टेंबरमध्ये फजरच्या वुजूला बसलेली असताना ती कोसळली. जळगावला नेले. तिथल्या डॉक्टरांनी तिच्या हिरड्या पाहिल्या, तळहाताच्या रेषा पाहिल्या. दोन्ही ठिकाणी काळसर रंग होता. रक्तात सोडियम कमी, पोटॅशियम जास्त. सकाळचे कॉर्टिसॉल तपासले, एक इंजेक्शन देऊन पुन्हा तपासले, मग पोटाचा सीटी स्कॅन झाला. आजाराचे नाव कळले.

तिथे वाटले होते की आता गोळी सुरू झाली, काम झाले. खरे काम त्यानंतर होते: अम्मीच्या शरीराला किती गोळी पुरते ते शोधणे.

निरोगी माणसाचे कॉर्टिसॉल पहाटे भरपूर असते, दिवसभर उतरत जाते आणि रात्री अगदी थोडे राहते. गोळीने हीच चढउतार जमेल तेवढी साधायची असते. मोठ्या माणसाला दिवसाला साधारण 15 ते 25 मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन दोन किंवा तीन भागांत देतात, सकाळचा भाग सर्वांत मोठा. अम्मीला 10, 5 आणि 5 असे लिहून दिले. मिठासाठी फ्लुड्रोकॉर्टिसोन नावाची दुसरी गोळी, 100 मायक्रोग्रॅम, सकाळी एक. वेळा पाठ करायला अडचण आली नाही. पहिली फजरला, दुसरी जोहरला, तिसरी असरला. अम्मीने आयुष्यात कधी घड्याळ पाहून काम केलेले नाही, अजान ऐकून केले आहे.

पंधरा दिवस छान गेले. ती स्वतः उठून भाकरी थापू लागली. मग सरकारी केंद्रातून टीबीची औषधे सुरू झाली आणि आठ-दहा दिवसांत ती पुन्हा पडून राहिली. उलट्या, चक्कर, रक्तदाब 80 वर. एका ओळखीच्या डॉक्टरांनी सांगितले, “स्टिरॉइडच जास्त होतंय, अर्धी करा.” आम्ही गोळीला हात लावला नाही आणि अम्मीला घेऊन नाशिकच्या हार्मोनतज्ज्ञ डॉक्टरबाईंकडे गेलो. त्यांनी टीबीच्या गोळ्यांचे पाकीट पाहिले आणि लगेच विचारले, “लघवी लाल-नारिंगी होते ना, मावशी? ते रिफाम्पिसिन. या गोळीमुळे लिव्हर कॉर्टिसोनचा फडशा लवकर पाडते. तुम्ही 20 घेता, पण शरीराला मिळतात त्याहून कितीतरी कमी.” त्यांनी डोस दुप्पट केला: 20, 10, 10. चार दिवसांत अम्मी उठून बसली. टीबीचे औषध बंद करायचा प्रश्नच नव्हता आणि कॉर्टिसोन कमी करणे तर जिवावर बेतले असते. दोन औषधे दोन ठिकाणांहून सुरू झाली की दोन्हीकडच्या डॉक्टरांना सगळ्या गोळ्या दाखवायच्या, हे आम्ही तेव्हापासून पाळतो. सगळी पाकिटे एका पिशवीत, पिशवी प्रत्येक वेळी बरोबर.

त्याच भेटीत आम्ही विचारले की, दर महिन्याला कॉर्टिसॉलची तपासणी करून डोस ठरवता येईल का. डॉक्टरबाई म्हणाल्या, “त्या आकड्यावरून डोस ठरत नाही. गोळी घेऊन तासाभराने रक्त काढलं तर आकडा मोठा, पाच तासांनी काढलं तर लहान. मावशी कशा आहेत ते मला सांगा.” त्यांनी एक वही करायला सांगितली. आमच्या भाच्याच्या शाळेतली शंभर पानी वही घेतली. त्यात रोज लिहायचे: उठल्यावर कसे वाटले, दुपारी कसे वाटले, झोप किती, बसून आणि उभे राहून रक्तदाब, मिठाची ओढ, पायावर सूज. आठवड्यातून एकदा वजन.

या वहीने काय काय दाखवले ते सांगतो. डोस कमी पडतो तेव्हा सकाळी अंग उचलत नाही, मळमळते, जेवण जात नाही, वजन उतरते. डोस जास्त होतो तेव्हा भूक वाढते, वजन चढते, तोंड गोल होते, झोप उडते, साखर वाढते. मिठाची गोळी कमी पडली तर उभे राहताच रक्तदाब पडतो आणि खारट खावेसे वाटते. जास्त झाली तर पाय सुजतात, रक्तदाब चढतो. म्हणजे ‘अशक्तपणा’ या एका शब्दामागे किती वेगवेगळी कारणे असू शकतात! अशक्तपणा वाटला म्हणून प्रत्येक वेळी कॉर्टिसोन वाढवणे हाही उपाय नाही.

टीबीचा सहा महिन्यांचा कोर्स 2024 च्या वसंतात संपला. रिफाम्पिसिन थांबले, पण त्याचा परिणाम जायला दोनेक आठवडे लागतात. त्यानंतर तोच 40 चा डोस जास्त होऊ लागला. अम्मीचे गाल भरले. पाहुणे म्हणायचे, “माशाअल्लाह, तब्येत सुधारली.” वही मात्र सांगत होती की ती रात्री दोनपर्यंत जागी असते आणि साखर चढली आहे. डॉक्टरबाईंनी टप्प्याटप्प्याने उतरवले. एका वेळी एकच बदल, मग दहा-बारा दिवस थांबून वही पाहायची, मग पुढचा. 20 वर आल्यावर झोप परतली. मग पुन्हा दुपारी तीनच्या सुमारास ती गळून जाऊ लागली. आम्हाला वाटले आता वाढवणार. डॉक्टरबाईंनी मात्र दुपारची गोळी जोहरच्या जमातीपर्यंत न थांबता साडेबाराला द्यायला सांगितली. एवढ्याने तीनची मरगळ गेली. माप तेच राहिले, वेळ बदलली. नंतर असरची गोळीही अर्धी झाली. आज ती 10, 5 आणि अडीच घेते.

धुळ्याच्या आमच्या खालांच्या शेजारणीलाही हाच आजार आहे. तिला 15 पुरतात. अम्मीला साडेसतरा लागतात. दोघींचे वजन वेगळे, काम वेगळे, शरीर वेगळे. एकीचा डोस दुसरीला सांगून उपयोग नाही.

बरोबर सापडलेला डोससुद्धा रोजच्या दिवसांसाठीच असतो. आजारपणात शरीर स्वतःहून जास्त कॉर्टिसॉल बनवते, अम्मीचे बनवू शकत नाही. म्हणून कपाटाच्या दारावर डॉक्टरबाईंनी लिहून दिलेला कागद चिकटवला आहे: ताप 100 च्या वर गेला तर डोस दुप्पट, 102 च्या वर तिप्पट, बरे वाटेपर्यंत दोन-तीन दिवस, मग परत नेहमीचा. उलटीमुळे गोळी पोटात टिकत नसेल तर वाट पाहायची नाही. 100 मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोनचे इंजेक्शन मांडीत द्यायचे आणि लगेच दवाखाना गाठायचा. इंजेक्शनची बाटली, पाणी आणि सिरिंज आमच्या घरातल्या सर्वांत थंड कोपऱ्यात ठेवलेली आहे. द्यायचे कसे ते धाकट्या बहिणीने शिकून घेतले आहे. 2024 च्या जुलैमध्ये हगवण आणि उलट्या एकदम सुरू झाल्या त्या रात्री तिनेच ते दिले. दवाखान्यात पोहोचलो तेव्हा अम्मी बोलत होती. तिच्या पर्समध्ये मराठी, हिंदी आणि इंग्रजीत लिहिलेले कार्ड असते. त्यावर आजाराचे नाव आणि हे इंजेक्शन ताबडतोब द्यावे एवढेच लिहिले आहे.

उन्हाळ्याचाही हिशेब वेगळा. एप्रिल-मेमध्ये इथे पारा 43-44 च्या घरात जातो आणि घामावाटे मीठ जाते. त्या दोन महिन्यांत डॉक्टर मिठाची गोळी दीड करतात. ताकात, लिंबाच्या सरबतात मीठ घालून द्यायला सांगतात. ‘मीठ कमी खा’ हा सल्ला सगळ्यांसाठी चांगला असला तरी अम्मीसाठी नाही, हे पाहुण्यांना समजावण्यात आमचा बराच वेळ जातो.

सर्वांत अवघड होते रोजे. 2024 चा रमजान आला तेव्हा टीबीची औषधे चालूच होती, म्हणून तिने ऐकले. 2025 च्या मार्चमध्ये मात्र ती बरी होती, आणि बरी आहे म्हणूनच तिला रोजा ठेवायचा होता. “सहेरीला एक आणि इफ्तारला एक घेईन,” ती म्हणाली. डॉक्टरबाईंनी तिचे पूर्ण ऐकून घेतले. काही रुग्णांना डॉक्टरांच्या देखरेखीखाली, औषध बदलून रोजे ठेवता येतात, असे त्यांनी लपवले नाही. “पण मावशी, तुमच्या दोन्ही ग्रंथी पूर्ण गेल्यात, मिठाची गोळी लागते, आणि तुमच्या गावचं ऊन. दिवसभर पाणी नाही, मीठ नाही, दुपारची गोळी नाही. मी परवानगी देऊ शकत नाही.” अम्मी परतीच्या प्रवासात मालेगावपर्यंत बोलली नाही.

मोहल्ल्यातल्या इमामसाहेबांकडे अब्बा तिला घेऊन गेले. त्यांनी सांगितले की आजाऱ्यासाठी सवलत सूरह बकरामध्येच आहे, आणि बरे होण्याची आशा नसलेल्या आजारात एकेका रोज्याबद्दल एका गरजूला जेवू घालावे, तोच फिदया. “आपा, सवलत अल्लाहने दिली आहे. ती घेण्यात कसली लाज?”

लाज तरीही होती. पहिले काही दिवस ती दुपारची गोळी स्वयंपाकघराचे दार लोटून घ्यायची. सहा वर्षांच्या नातवाने एकदा पाहिले आणि विचारले, “दादी, आपका रोजा टूट गया?” अम्मीने त्याला जवळ बसवले आणि गोळी दाखवली. सांगितले की दादीच्या पोटातला एक कारखाना बंद पडला आहे, त्याचा माल बाहेरून आणावा लागतो. त्या दिवसापासून दार उघडे राहिले. महिनाभर तिने रोज एका गरजू बाईला जेवू घातले आणि आमच्या इफ्तारची भजी स्वतः तळली.

शेवटी चार गोष्टी. ही गोळी बाहेरून जबरदस्तीने चढवलेली ताकद नाही, शरीराने बनवायचे ते बनत नाही म्हणून दिलेली भरपाई आहे. थायरॉइडची गोळी किंवा इन्शुलिन असते तशीच. ती एक दिवसही बंद करायची नाही. आमच्या गावात ती मागवून घ्यावी लागते, म्हणून एक महिन्याचा साठा घरात असू द्या, आणि मिळाली नाही तर बदली कोणती, किती, हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. दुसरे, सांधेदुखी किंवा दम्यासाठी कुणी पुड्या, गोळ्या देत असेल आणि त्यांनी जादूसारखा फरक पडत असेल तर त्यात स्टिरॉइड असू शकते. महिनोन्महिने घेऊन ते एकदम सोडले तर चांगल्या ग्रंथीही साथ देत नाहीत आणि माणूस अम्मीसारखाच कोसळू शकतो. असे औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळूच उतरवावे. तिसरे, रंग काळवंडणे, वजन उतरणे, चक्कर आणि मिठाची ओढ ही चार लक्षणे एकत्र दिसली तर सोडियम, पोटॅशियम आणि सकाळचे कॉर्टिसॉल तपासायला सांगा. चौथे, एक वही करा.

आमची तिसरी वही आता सुरू आहे. तिच्यात बरीच पाने अशी आहेत की ज्यांवर फक्त ‘ठीक’ लिहिले आहे. अल्हमदुलिल्लाह.