दारव्ह्याच्या खिडकीतलं ऊन

प्रिय वैशाली,

सोबत वरच्या खोलीचे थ्रीडी पाठवते आहे. फरशी, पलंग, काकूंचं देवघर, सगळं तू फोनवर सांगितलंस तसंच घेतलंय. तू पाठवलेला तो हिरव्या डोंगराचा फोटो मात्र खिडकीत लावलेला नाही. रागावू नकोस, आधी कारण वाच.

खोली कॉम्प्युटरवर उभी केली की काचेपलीकडे काहीच नसतं, नुसती करडी पोकळी. तिथे बाहेरचं दृश्य आपणच आणायचं असतं. नेटवर असे फोटो मुबलक मिळतात. पॉली हेवनवर तर उत्तम दर्जाचे आणि चक्क फुकट. पण दारव्ह्याची गच्ची, शेजारचे कवेलू, धुऱ्यावरचा कडुनिंब मला त्यात कुठे सापडला नाही. आणि खरं सांगू, प्रश्न दृश्याचा कमी, उजेडाचा जास्त आहे. कोणत्याही फोटोत त्या गावाचं, त्या वेळचं ऊन भरलेलं असतं. बाबूराव पेंटर सिनेमात येण्याआधी नाटकांचे पडदे रंगवायचे. पडद्यावर ऊन एकदा रंगवलं की ते कायम त्याच बाजूने येणार. फोटोचंही तेच. १९९८ साली पॉल डेबेव्हेक यांनी वाट दाखवली: एकाच जागेचे कमी-जास्त एक्सपोजरचे फोटो एकत्र करून तिथल्या उजेडाचं खरं बळ साठवायचं आणि त्याच उजेडाने कॉम्प्युटरमधली वस्तू उजळायची. त्यालाच आम्ही आता एचडीआरआय म्हणतो.

म्हणून मे महिन्यात ट्रायपॉड घेऊन तुमच्या गच्चीवर चढले. नवी खोली तिथेच उठणार, त्यामुळे कॅमेरा माणसाच्या डोळ्याच्या उंचीवर लावला की क्षितिज आपोआप जागेवर बसतं. हे फार महत्त्वाचं आहे. रस्त्यावरून काढलेला फोटो वरच्या मजल्याच्या खिडकीत लावला, तर जिथे झाडाचा शेंडा दिसायला हवा तिथे बुंधा दिसतो. पाहणाऱ्याला चूक सांगता येत नाही, पण खोली खोटी वाटते.

दुसरी गोष्ट उजेडाच्या प्रमाणाची. आपल्याकडे भर दुपारी बाहेर लाखभर लक्स उजेड असतो, खोलीत खिडकीपासून जरा आत गेलं की काहीशे. आत आणि बाहेर दोन्ही सारखंच स्वच्छ दाखवलं तर खिडकीत कॅलेंडर टांगल्यासारखं दिसतं. म्हणून बाहेरचं दोन स्टॉप जास्त उजळ ठेवलंय, रंग थोडे उतरवलेत. वर मच्छरजाळी आहेच. तिच्यातून कडुनिंबाच्या पानांच्या कडा विरघळतात, तारांचा खांब धूसर होतो. जाळी आणि ग्रील काढून टाकली तर चित्र देखणं होतं, पण त्या खोलीत राहणाऱ्यांना ती दिसणारच आहेत ना?

आता मुद्द्याचं. तुझा डोंगर लावून मी एक व्ह्यू करून पाहिला होता. पश्चिमेची ती सहा फुटी खिडकी त्यात इतकी सुंदर दिसत होती की तू लगेच होकार दिला असतास. मग तिथे गच्चीवरचं ऊन घातलं, मे महिना, संध्याकाळचे पाच. सूर्य उतरलेला, त्यामुळे छज्जा काही कामाचा नाही. उन्हाचा पट्टा फरशी ओलांडून थेट काकांच्या उशीवर! तीन नंबरचा व्ह्यू बघ. बेचाळीस-त्रेचाळीस डिग्रीच्या दिवसांत, सत्तरी ओलांडलेल्या माणसाला तिथे दुपारी पडता येईल का?

मला वाटतं, मोठी खिडकी उत्तरेच्या भिंतीत घ्यावी. उत्तरेला ऊन येतच नाही असं आपले मिस्त्री ठामपणे सांगतात, ते आपल्या अक्षांशावर पूर्ण खरं नाही. दारव्हा साधारण २०.३ अंशावर. २१ मेच्या आसपास दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि तिथून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत भर दुपारीही किंचित उत्तरेला असतो. पण दुपारी तो इतका उंच असतो की दीड फुटाचा छज्जाही पुरतो. सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन भिंतीला घासून जातं, त्याला बाजूला उभी पट्टी. दक्षिणेची छोटी खिडकी मात्र राहू दे. डिसेंबरात दुपारचा सूर्य जेमतेम ४६ अंशांवर असतो, ऊन सहा-साडेसहा फूट आत येतं, काकूंच्या गुडघ्यांना बरं.

तू म्हणाली होतीस, खिडकीतून शकुंतला रेल्वे जाताना दाखव. अगं, गाडी बंद आहे. यवतमाळ-मूर्तिजापूर मार्गाचे रूळ आहेत, ते दूरवर एका रेघेत दिसतात, तेवढेच ठेवलेत. लहानपणी आपण तिला हात करायचो ते मलाही आठवतं, पण काका रोज त्या खिडकीत बसतील आणि गाडी येणार नाही. ते मला बघवणार नाही.

मेचं चित्र रुक्ष आहे, कबूल. नांगरलेलं काळं वावर, धुळीने पांढुरकं आभाळ. काळी जमीन उजेड परत फेकत नाही, म्हणून छतही जरा अंधारं आलंय. ते मी रंग फासून उजळलेलं नाही. त्याऐवजी छताला स्वच्छ पांढरा द्यावा. पऱ्हाटी गुडघाभर झाली की पुन्हा गच्चीवर जाऊन पावसाळ्याचा फोटो घेईन, आणि फाल्गुनात पळस फुलला की त्याचाही. मग तिन्ही व्ह्यू शेजारी ठेवून बघ.

तोवर एवढं कर. तीन नंबरचा व्ह्यू काकांना मोठ्या स्क्रीनवर दाखवायला भावाला सांग, फोनवर उन्हाचा पट्टा नीट कळत नाही. पश्चिमेची खिडकी दोन फुटी करायची की बंदच, ते दिवाळीच्या आत कळव. त्यानंतर मिस्त्री विटा चढवायला घेतील.

तुझी,
मंजू