गोवळकोंड्याचा पाऊस

ह्यूस्टनचा पाऊस मेक्सिकोच्या आखातावरून येतो. आधी हवा जड होते, मग भरदुपारी काळवंडतं आणि सरी कोसळायला लागतात. अशाच एका दुपारी मी मेनिल कलेक्शन या संग्रहालयात शिरलो. राखाडी लाकडी फळ्यांची बैठी इमारत, भोवती ओकची झाडं. आत काळसर लाकडी जमीन, आणि काचेपलीकडच्या लहानशा बागेत रुंद पानांवर पाऊस वाजत होता.

रेंझो पियानो या इटालियन वास्तुकारानं आखलेली ही इमारत १९८७ साली खुली झाली. छताखाली सिमेंटच्या पातळ, वळलेल्या पात्या ओळीनं बसवल्या आहेत. वरचा उजेड त्यांच्यावरून मवाळ होऊन खाली उतरतो. हा संग्रह उभा करणाऱ्या डॉमिनिक द मेनिल यांची इच्छा होती की बाहेर ढग आला तर तो आतल्या माणसालाही कळावा. त्या दुपारी तो कळत होता. सर वाढली की दालन मंद होई, ओसरली की पुन्हा उजळे.

मी आलो होतो एका चित्रासाठी. रने माग्रितचं ‘गोलकोंडा’, साल १९५३. जेमतेम मीटरभर रुंदीचं. फिकट निळं, निरभ्र आकाश. खाली लाल छपरांची, पडदे लावलेल्या खिडक्यांची घरं. आणि हवेत माणसंच माणसं. गडद ओव्हरकोट, डोक्याला गोल बोलर हॅट, अंग ताठ. काही अगदी समोर, काही मागे, काही इतकी दूर की ठिपक्याएवढी. पडताहेत म्हणावं तर कोट फडफडत नाहीत. वर चालली आहेत म्हणावं तर चेहऱ्यावर कसली ओढ नाही. भिंतीलगतच्या माणसांच्या सावल्या मात्र भिंतीवर नीट पडल्या आहेत. अशक्य गोष्टीला इतकी खरी सावली देणारा चित्रकार मला फार मोठा वाटतो.

अतिवास्तववाद म्हटलं की आपल्याला दालीची वितळलेली घड्याळं आठवतात. माग्रितही अतिवास्तववादीच, पण दालीच्या वाटेचा नव्हता. १८९८ साली बेल्जियममध्ये जन्मलेल्या या माणसानं वॉलपेपरच्या कारखान्यात काम केलं, जाहिराती केल्या. तो चौदा वर्षांचाही झाला नव्हता तेव्हा त्याच्या आईनं सांब्र नदीत जीव दिला. आपली चित्रं त्या दुःखाच्या किल्लीनं उघडलेली त्याला आवडत नसत, आणि मला त्याचं म्हणणं मानावंसं वाटतं. तीन वर्षं पॅरिसजवळ राहून, अतिवास्तववाद्यांचा म्होरक्या आंद्रे ब्रेतों याच्या गोटात वावरून, तो १९३० साली ब्रसेल्सला परतला. तिथल्या साध्याशा घरात तो जेवणाच्या खोलीत चित्रं काढी. नीटनेटका सूट घालून, कारकुनाच्या टापटिपीनं त्यानं स्वप्नं रंगवली. म्हणूनच ती स्वप्नं डोळे उघडल्यावरही विरत नाहीत.

चित्राचं नाव सुचवलं त्याचा कवीमित्र लुई स्क्युतनेर यानं. चित्रातल्या एका माणसाला त्याचाच चेहरा आहे. गोवळकोंडा म्हणजे हिऱ्यांचं, अपार संपत्तीचं शहर, एवढं युरोपला ठाऊक होतं. आपल्याला त्याहून जवळचं ठाऊक आहे: १६७७ साली शिवाजी महाराज दक्षिणेच्या मोहिमेवर निघाले तेव्हा तिथल्या कुतुबशहानं त्यांचं स्वागत केलं होतं. पण माग्रितच्या चित्रात हिरा एकही नाही. नाव खजिन्याचं आणि आकाशातून उतरतात साधी, ऑफिसात जाणारी माणसं. मला या चित्राचा अर्थ तिथेच लागला. ही माणसं हाच तो खजिना आहे. गर्दीत आपण कुणाचा चेहरा पाहत नाही. माग्रितनं त्यांना एकसारखे कपडे घातले ते त्यासाठीच, पण माणसं मात्र निरनिराळी ठेवली. जुलैतल्या सकाळी मुंबईत चर्चगेटबाहेर काळ्या छत्र्यांचा लोंढा निघतो, त्यात असंच असतं.

मेनिलमध्ये चित्रांशेजारी लांबलचक माहिती लिहीत नाहीत. नाव, साल, बस्स. मला ती रीत योग्य वाटते. अर्थ हातात ठेवला की माणूस पुढच्या चित्राकडे चालू लागतो. इथे थांबावं लागतं.

थांबलो असताना चित्रकार प्रभाकर बरवे आठवले. घड्याळ, पान अशा रोजच्या वस्तू त्यांनी मोकळ्या अवकाशात ठेवल्या आणि त्या कधी पाहिल्याच नव्हत्या असं वाटायला लावलं. त्यांचं ‘कोरा कॅनव्हास’ हे पुस्तक मराठीत आहे, तरी चित्रांची ओढ असलेल्या किती घरांत ते असेल? माग्रितसाठी समुद्र ओलांडणाऱ्यांनी बरवे आधी वाचायला हवेत, असं माझं ठाम मत आहे.

मेनिलला प्रवेश मोफत आहे. काळा घोड्याच्या जहांगीर आर्ट गॅलरीतही तिकीट नाही. पावसानं अडकून पडाल तेव्हा आडोशाला म्हणून का होईना, आत जा, आणि सगळी भिंत न बघता एकाच चित्रासमोर सर ओसरेपर्यंत उभे राहा.