मला मुंबईला जायचे आहे

मी मालेगावची. नाशिक जिल्ह्यातील हे शहर यंत्रमागांसाठी प्रसिद्ध आहे. आमच्या मोहल्ल्यात दिवसभर मागांची खटखट चालू असते. फक्त शुक्रवारी माग बंद असतात. पाहुणे विचारतात, "एवढ्या आवाजात तुम्ही राहता तरी कसे?" आम्हांला मात्र शुक्रवारीच चुकल्यासारखे वाटते!

माझे अब्बा पंचवीस वर्षांपासून माग चालवतात. त्यांच्याशी मोठ्याने बोलावे लागते. लहानपणी मला वाटे, सगळ्यांचेच अब्बा असे असतात. कारण मैत्रिणींच्या घरीही तेच होते. पुढे विज्ञानाच्या तासाला कानाची आकृती आली. आतल्या कानात केसांसारख्या सूक्ष्म पेशी असतात. ८५ डेसिबलपेक्षा मोठ्या आवाजात रोज आठ-आठ तास, वर्षानुवर्षे काम केले, तर त्या मरू लागतात आणि पुन्हा तयार होत नाहीत. बाईंनी हे सहज सांगितले. मला मात्र त्या रात्री झोप आली नाही.

आठवीत मी आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठी असलेल्या राष्ट्रीय शिष्यवृत्तीची परीक्षा दिली. दोन पेपर, प्रत्येकी ९० प्रश्न आणि ९० मिनिटे. यादीत माझे नाव आले. नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला १२,००० रुपये! त्यांतून माझी पुस्तके आली आणि खरे सांगायचे तर एका पावसाळ्यात घराचे पत्रेही आले. भाईजानने आठवीनंतर शाळा सोडून माग धरला होता. मिठाईचा पुडा त्यानेच आणला. तो काही बोलला नाही, पण दहावीला ६० टक्के मिळाले नाहीत तर शिष्यवृत्ती बंद होते, हे त्याने माझ्याआधी शोधून काढले होते.

दादी कधी शाळेत गेली नाही. तरी रोज संध्याकाळी विचारते, "आज काय शिकलीस? मला सांग." दादीला जे समजावता येत नाही, ते आपल्यालाही समजलेले नाही, हे मला लवकरच कळले. अशी शिकवणी पैसे देऊनही मिळणार नाही.

अकरावीत मी राष्ट्रीय सेवा योजनेत नाव घातले. दोन वर्षांत २४० तास काम करायचे असते. मी शुक्रवारी सकाळी सरकारी रुग्णालयात जाते. तेथे येणाऱ्या कित्येक स्त्रियांना फक्त उर्दू वाचता येते आणि कागद असतात मराठीत. एकदा एक खाला रक्ततपासणीच्या रांगेत उभ्या होत्या. चिठ्ठीवर 'उपाशीपोटी' असे लिहिले होते आणि त्या तर चहा-पाव खाऊन आल्या होत्या! मी अर्थ सांगितला, तेव्हा त्या हसल्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आल्या. मराठी परकी वाटते, असे म्हणणाऱ्यांना मी 'अर्ज', 'दाखला', 'तारीख' हे शब्द दाखवते. ते तर आपल्याच घरातले! 'तालीम' मात्र फसवते. आपण तिला शिक्षण म्हणतो, मराठीत ती पहिलवानांची असते.

रुग्णालयात कान तपासायला येणाऱ्यांत मागवाले पुष्कळ दिसतात. म्हणून मला श्रवणशास्त्र शिकायचे आहे. मुंबईत वांद्रे येथे १९८३ पासून वाणी आणि श्रवण यांसाठी एक राष्ट्रीय संस्था आहे. तिला अली यावर जंग यांचे नाव दिले आहे. ते १९७१ ते १९७६ या काळात महाराष्ट्राचे राज्यपाल होते. त्याआधी उस्मानिया आणि अलीगढ या दोन्ही विद्यापीठांचे ते कुलगुरू होते. ज्या उस्मानिया विद्यापीठात एके काळी वैद्यकशास्त्रही उर्दूतून शिकवले जाई, तेच हे! पदवीला तीन वर्षांचा अभ्यास आणि एक वर्ष प्रत्यक्ष काम, अशी चार वर्षे लागतात.

पण शिष्यवृत्ती बारावीला संपते. अम्मीला वसतिगृहाची काळजी वाटते. भाईजानला फीची चिंता आहे, तरीही उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तो तहसील कार्यालयात दोनदा जाऊन आला. दादी म्हणते, "मग मला रोज कोण सांगणार?" अब्बा बरेच दिवस गप्प होते. परवा जेवताना त्यांनी विचारले, "मनमाडहून मुंबईची गाडी किती वाजता असते?"

मी सांगितले. त्यांना ऐकू आले नाही, म्हणून पुन्हा मोठ्याने सांगितले.