घंटी आणि चोच

भाच्याकडे सुरतेला गेलो होतो, तेव्हा वराछा भागात हिऱ्यांचा कारखाना पाहिला. एकेका घंटीभोवती चौघे कारागीर. मध्ये फिरणारी ओतीव लोखंडाची चकती, तिच्यावर तेलात कालवलेली हिऱ्याचीच पूड. जरा घासायचं, की भिंग डोळ्याला.

म्हापशाला परतल्यावर मीही चकत्या केल्या. काचपेपर, त्यामागे फायलीचा पुठ्ठा (सरकारी नव्हे, विकतचा!), फेविकॉल, मधोमध स्क्रूपुरतं भोक. छोट्या ग्राइंडरला लावून बाबांचा सागवानी देव्हारा घासायला घेतला. कड सुरेख निघाली. मग नक्षीत शिरलो आणि मोराची चोच गेली. एकदाही थांबून बघितलं नव्हतं.

आता काचपेपर बोटाला गुंडाळून घासतो. चोच कापराच्या डबीत आहे. आईला अजून सांगितलेलं नाही.