वेगाचे पैसे, पुराचा हिशेब

सांगलीत मावशीच्या हळदीच्या दुकानासाठी नवा संगणक घ्यायचाय. निवड माझ्याकडे आहे, म्हणून साताऱ्यात बसून आज दरपत्रकं चाळली.

साधी साटा एसएसडी सेकंदाला साधारण ५५० एमबी वाचते. चौथ्या पिढीची एनव्हीएमई ७,००० पर्यंत धावते. आकडा मोह घालतो खरा, पण बिलं आणि खातेवहीला एवढी धाव लागते कुठे? फिरत्या हार्ड डिस्कवरून एसएसडीवर येताना जो फरक जाणवतो, तो पुढच्या पायरीला जाणवत नाही. तिथे जास्तीचे पैसे घालणं मला पटत नाही.

टिकाऊपणाचं मात्र मनातून जात नाही. १ टीबीच्या अनेक टीएलसी ड्राइव्हना ६०० टीबी लेखनाची हमी असते. रोज ३० जीबी लिहिलं तरी ५० वर्षं उलटतील. म्हणजे चिप झिजायच्या आधी घात करणार ती विजेची ये-जा, नाहीतर कृष्णा. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. धोक्याची पातळी ४५. पेठेतली दुकानं बुडाली. त्या गढूळ पाण्यात महाग काय, स्वस्त काय!

म्हणून ड्राइव्ह मधल्या दराचा, यूपीएस चांगला, आणि उरलेल्या पैशांत बाहेरची हार्ड डिस्क. एसएसडी फार काळ विजेविना पडून राहिली तर माहिती गमावू शकते, म्हणून साठवणीची प्रत हार्ड डिस्कवरच. मावशी दर महिन्याला ती भरून देईल आणि ती साताऱ्यात, माझ्या कपाटात राहील.