जागलीची खोपडी



आमच्या सौसर-पांढुर्णा भागात संत्र्याच्या बागेत जागलीसाठी खोपडी लागतेच. बाबांनी बांधलेली खोपडी चार सागवानी खांबांवर उभी होती. वर फळ्यांची बैठक, कवेलूंचं छप्पर आणि चढायला शिडी. आंबिया बहाराची फळं रंगू लागली की बाबा रात्री तिथेच झोपत. रोही, रानडुक्कर आणि चोर या तिघांना एक कंदील आणि बाबांचा खोकला पुरत असे.

बाबा गेले, वाटणी झाली. विहीर आणि खोपडी आमच्या हिश्श्यात आली, पाणी मात्र दोघांचं ठरलं. पुढच्याच उन्हाळ्यात विहीर आटत आली तेव्हा धाकट्याची पाळी आम्ही घेतली. "दोन दिवसांनी देऊ" म्हणालो, आणि ते दोन दिवस लांबत गेले. आमची झाडं वाचली, त्याची निम्मी वाळली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव जाम नदीच्या दोन काठांवर गोटमारीला उभे राहतात, पण ते एका दिवसापुरतं. आम्ही चार वर्षं बांधाच्या दोन बाजूंना उभे होतो.

या काळात खोपडीकडे कोणी पाहिलं नाही. यशया संदेष्टा पहिल्याच अध्यायात एकाकी पडलेल्या सियोनला द्राक्षमळ्यातल्या खोपीची उपमा देतो. रविवारच्या वर्गात मुलांना हे आम्ही कितीदा शिकवलं. हंगाम संपला, राखणदार गेला की खोपीचं काय होतं, हे मात्र आपल्याच बागेत दिसेपर्यंत कळलं नव्हतं.

गेल्या मे महिन्यात सुतारकाकांना बोलावलं. आमच्या मनात सगळं पाडून टिनाचं शेड टाकायचं होतं. त्यांनी खांबात पटाशी टोचून पाहिली. तीन खांबांत ती शिरेना. चौथ्याच्या बुडाशी माती साचली होती, तिथे मुठीएवढी आत गेली.

"सागाच्या गाभ्याला उधई सहजी लागत नाही जी. ओल धरली तिथंच सडलं. जे सडलं तेवढंच काढू."

त्यांनी बेत सांगितला. आधी कवेलू उतरवायचे. खांबाचा दीड फूट बुंधा कापायचा, जुन्या घराच्या मोडीतलं सागवान तिरप्या सांध्याने जोडायचं, खाली दगडी तळखडा बसवायचा म्हणजे लाकूड मातीला टेकणार नाही. शेवटी सगळ्याला जवसाचं तेल. तेलाच्या चिंध्या गोळा करून ठेवू नका, पसरून वाळवा, असं त्यांनी बजावलं. ढिगात त्या आपोआप तापून पेट घेतात.

अडचण एकच होती. खांब कापताना एकाने जॅक सांभाळायचा आणि तिघांनी टेकू धरायचे. घरात आम्ही दोघं आणि मुलगी. माणूस एक कमी.

धाकटा पलीकडच्या पऱ्हाटीच्या वावरात होता. वेदीपाशी अर्पण ठेवून आधी भावाशी समेट करावा, हे मत्तयाच्या पाचव्या अध्यायातलं वचन आम्ही इतरांना समजावून सांगतो. त्या सकाळी आमच्या तोंडून हाक निघाली नाही. मुलीनेच मारली, "काका, या ना!"

तो आला. काही बोलला नाही. टेकूला खांदा लावला आणि सांधा बसेपर्यंत हलला नाही. चहाच्या वेळी आम्ही म्हणालो, "पाण्याच्या बाबतीत चूक आमची होती. माफ कर."

बराच वेळ तो कपाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "दादा, वाळली झाडं काही परत येत नाहीत." कप ठेवून वावरात गेला.

त्याचं म्हणणं खरं होतं. माफी मागितली म्हणजे हिशेब मिटला, असं आम्ही मनात धरलं होतं. सुतारकाकांनी मात्र सडलेला भाग कापून टाकला आणि नवं लाकूड घातलं, तेव्हा कुठे खांब भार घेऊ लागला. आमच्याकडून नवं लाकूड म्हणजे पाणीच असू शकत होतं. त्या आठवड्यात पहिली पाळी त्याच्याकडे सोडली आणि यापुढेही पहिली पाळी त्याचीच राहील असा निरोप पाठवला. त्याने वाळलेल्या झाडांच्या जागी संत्र्याची कलमं लावली आहेत. ती फळावर यायला चार-पाच वर्षं लागतील.

तो अजून आमच्या घरी जेवायला आलेला नाही. पण परवा संध्याकाळी खोपडीच्या शिडीवर बसलेला दिसला. सांध्यावरून हात फिरवत होता. आम्ही हाक मारली नाही, बसू दिलं.

हे प्रभू, आमच्यातलं सडलेलं तू दाखव, आणि ते कापू देण्याचं बळ दे. आमेन.