पोर्ट्समथच्या गोदीत

तेहतीस वर्षे मी कोकणातल्या एका हायस्कुलात इंग्रजी शिकवले. शिकवले म्हणजे काय, तर फळ्यावर डावीकडे इंग्रजी वाक्प्रचार, उजवीकडे मराठी अर्थ आणि मध्ये बरोबरचे चिन्ह. पोरांनी पाठ करावे, मी खुणा कराव्यात. त्या वाक्प्रचारांनाही गाव असते, हे कळायला मात्र सेवानिवृत्त होऊन मुलाकडे इंग्लंडला जावे लागले.

ते गाव पोर्ट्समथ. तिथल्या गोदीत नेल्सनचे 'व्हिक्टरी' जहाज १९२२ पासून कोरड्यात उभे आहे. मी गेलो तेव्हा डागडुजीसाठी परांची बांधलेली; मधली डोलकाठी तर २०२१ मध्येच उतरवलेली. मी जरा हिरमुसलोच. पण आत माहिती सांगणारे म्हातारबुवा मोठे बोलके निघाले.

'फर्स्ट रेट' म्हणजे उत्तम, हे मी किती वेळा लिहून दिले असेल! मुळात ती जहाजांची प्रतवारी. शंभर किंवा अधिक तोफांचे जहाज पहिल्या प्रतीचे. ट्रफाल्गारच्या लढाईत, १८०५ साली, 'व्हिक्टरी'वर १०४ तोफा होत्या. झिंगलेल्या माणसाला 'थ्री शीट्स इन द विंड' म्हणतात. त्यातले शीट म्हणजे शीड, असे मी छातीठोकपणे सांगत आलो. (चादर सांगितली नाही, एवढेच समाधान!) म्हातारबुवा हसले. शीट म्हणजे शिडाचे खालचे टोक आवरून धरणारा दोर. असे दोर सुटले की शिडे फडफडतात आणि जहाज दारुड्यासारखे झोकांड्या खाते.

मग निघाला 'टेकन अबॅक'. समोरून अवचित वारा आला की शिडे उलटी डोलकाठीवर दाबली जातात. जहाज थबकते, प्रसंगी मागे सरते. शिडांच्या त्या अवस्थेचे नाव 'अबॅक'.

पुढचे मला ऐकू आले नाही.

आठवीचा वर्ग. 'टेकन अबॅक' म्हणजे चकित होणे, असे मी फळ्यावर लिहिले होते. मागच्या बाकावरून एका मच्छीमाराचा मुलगा उठला.

"सर, शिडाक समोरसून वारो लागलो की होडी पाठी सरता, तसां काय?"

सगळा वर्ग खो खो हसला. मला वाटले, पोरगा थट्टा करतो आहे. तास संपेपर्यंत त्याला बाकावर उभे केले. त्यानंतर वर्षभर त्याने मला एकही प्रश्न विचारला नाही. नववीला तो आलाच नाही. बापाच्या होडीवर जातो, असे कानी आले.

निघताना दुकानातून 'व्हिक्टरी'चे एक चित्रकार्ड घेतले. पत्ता म्हणून त्याचे नाव आणि वाडी तेवढी आठवत होती. नावामागे 'श्री.' लावले. मजकूर एका ओळीचा : तुमचे बरोबर होते.

कार्ड पोहोचले की नाही, अजून कळलेले नाही.